कॅमेरा चालू झाला, दुर्बीण जाणार नाही

धाकट्या,

दुर्बीण विकत न्यायला येणाऱ्या माणसाला मी फोन करून 'येऊ नका' म्हणून सांगितलं. "दुर्बिणीला लावलेला कॅमेरा कॉम्प्युटरला सापडतच नाही आई, बाबांच्या मागे ते कोणाला जमणार?" असं तू म्हणालास ना? मला जमलं. कॅमेरा चालवणारा जुना प्रोग्रॅम, तो ड्रायव्हर, कॉम्प्युटरमधून काढून टाकला, नवा घातला, कॉम्प्युटर बंद करून चालू केला आणि मगच केबल लावली. तू दर वेळी केबल आधीच लावायचास. तीनदा फसलं. चौथ्यांदा समोरच्या टाकीवरचं कबूतर पडद्यावर उलटं दिसलं, तेव्हा मी एकटीनेच टाळ्या वाजवल्या.

जेवण झाकून ठेवलंय, वाढून घे. मी गच्चीवर आहे. बाबांची दुर्बीण, बाबांची दुर्बीण म्हणतोस. आजपासून ती माझी.

आई