पळपुट्याचा नकाशा

दि. १४ नोव्हेंबर, दुपार

प्रिय ठोंब्या,

ताईचे अनेक आशीर्वाद. मी बरी आहे, छोटीही बरी आहे. तिचा पुढचा दात पडलाय, त्यामुळे 'स' म्हणायला गेली की शिट्टी वाजते. तुझी पाठ कशी आहे? दाजींच्या गोदामात दिवसभर ओझी उचलतोस, निदान कमरेला पट्टा तरी बांधत जा. आईसारखं बोलले, माहीत आहे. पण आता सांगणारं दुसरं कोण उरलंय?

पत्राला उशीर झाला. फोन बंद का, असं तू म्हणशील. ते पुढे लिहिते. आधी एक गंमत.

छोटीला आपला जुना व्हिडिओ गेम सापडला. घर सोडताना बॅगेत काय काय कोंबलं ते माझं मलाच ठाऊक नव्हतं. तो स्वेटरच्या बाहीत निघाला. नवे सेल घातले तर चालू झाला. आपला डाव पुसला गेलाय, म्हणून तिने पहिल्यापासून सुरुवात केली. मागच्या आठवड्यात तिची गाठ पडली पळपुट्याशी. आठवतो ना? चंदेरी शेपटीचा, सगळ्या खेळात एकच.

ती रडवेली होऊन म्हणाली, "आई, तो दिसला आणि लगेच पळाला. मी त्याला काहीच केलं नव्हतं."

मी तिला जवळ बसवून सांगितलं, की बाकीचे प्राणी आपापल्या गवतात राहतात, कधीही गेलीस तरी तिथेच भेटतात. ह्याला घर नाही. तू एका रस्त्यावरून दुसऱ्यावर पाऊल टाकलंस, की तोही शेजारच्या रस्त्यावर सरकतो. तू उडत लांबच्या गावी गेलीस, तर तो नकाशावर कुठेही जाऊन पडतो. एकदा दिसला की मात्र नकाशावर त्याची खूण उमटते, मग तो कुठे आहे हे कायम कळतं. आणि एकदा झालेली जखम पुढच्या भेटीतही तशीच असते.

"मग पकडायचा कसा?"

तेही सांगितलं. ती युक्ती तुझीच. सुट्टीभर तू त्याच्यामागे धावत होतास आणि मी चौकटीच्या वहीत रस्ते आखून देत होते. तू पोचायचास तोवर तो भलतीकडे. एका दुपारी तू थांबलास आणि म्हणालास, "ताई, मागे लागायचंच नाही. दोन रस्त्यांच्या शिवेवर उभं राहायचं. आत, बाहेर, आत, बाहेर. तो फिरत फिरत आपल्याकडेच येतो." चहा व्हायच्या आत तू त्याला पकडलास. केवढा अभिमान वाटला होता मला तुझा.

छोटीने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "आणि मी चाललेच नाही तर?"

"तर तोही हलत नाही."

"म्हणजे तो स्वतःच्या मनाने कुठेच जात नाही? आपण चाललो तरच जातो?"

मी हो म्हटलं आणि दूध बघायला उठले. गॅस बंदच होता. ओट्याला धरून उभी राहिले.

घर सोडल्यापासून आम्ही तीन गावं बदलली. पहिल्या गावात लाँड्रीच्या वर खोली होती. एकोणिसाव्या दिवशी बसथांब्यावर दाजी उभे. ओरडले नाहीत, जवळही आले नाहीत. नुसती मान हलवली, ओळखीचं माणूस दिसल्यावर हलवतात तशी. आम्ही त्याच दिवशी गाव सोडलं. दुसऱ्या गावात ते शाळेच्या फाटकाशी आले. हातात छोटीचा लाल स्वेटर. म्हणाले, "हा विसरली होतीस. थंडी पडायला लागलीय." शाळेतल्या बाईंना ते फार आवडले. असे वडील नशिबाने मिळतात, असं त्या मला म्हणाल्या.

ते आले की आम्ही हलायचो. मला वाटायचं, मी सुटतेय.

तिसऱ्या गावात मला चष्म्याच्या काचा घासायचं काम मिळालं. दिवसभर यंत्राची घरघर, बोटांना पांढरी पूड. मालकीणबाई कडक आहेत, पण मनाने चांगल्या. तिथे जरा डोकं शांत झालं आणि मी हिशोब मांडला, की माझा ठावठिकाणा कुणाकुणाला माहीत असतो? दोन्ही वेळा उत्तर एकच आलं. मी फक्त तुला फोन करत होते.

माझा विश्वास बसेना. म्हणून मी तुझ्याशी खोटं बोलले, ठोंब्या. जन्मात पहिल्यांदा. फोनवर तुला सांगितलं, की मी हिरव्या शटरच्या छापखान्यात कामाला लागलेय, साडेपाचला सुटते. तो छापखाना आमच्या कारखान्यासमोर आहे. आमची खिडकी पहिल्या मजल्यावर.

नवव्या दिवशी, पाच वाजता, दाजी आले. छापखान्यात शिरले नाहीत, कुणाला काही विचारलंही नाही. बसथांबा आणि छापखाना यांच्यामधल्या कोपऱ्यावर उभे राहिले. चार पावलं इकडे, चार पावलं तिकडे. मी काचेला कपाळ टेकवून बघत होते. आता हा माणूस धावत नाहीये, हे कळलं तेव्हा माझ्या हातातली काच फुटली. ही युक्ती त्यांना कुणी सांगितली असेल, हेही कळलं. जेवताना गप्पांत सांगितली असशील. हसत हसत.

त्यांची गाडी पलीकडे लावली होती. गाडीत तू होतास.

तू निळा शर्ट घातला होतास. अर्ध्या तासात दोनदा पाणी प्यायलास. मला खाली यावंसं वाटलं, खरं सांगते. मालकीणबाईंनी माझा चेहरा पाहिला, काही न विचारता मागचं दार उघडलं आणि छोटीला शाळेतून आणायला स्वतः गेल्या. त्याच रात्री आम्ही ते गावही सोडलं आणि मी फोन बंद केला.

मी तुझ्यावर रागावलेली नाही. रागावले होते, ते ओसरलं. दाजी तुझ्यासमोर रडले असतील. मोडता संसार सांधावा, भाचीला बाप मिळावा, असं तुला वाटलं असेल. तुला वाटणारच, कारण मी तुला खरं कारण कधी सांगितलंच नाही. 'पटत नाही' एवढंच म्हणत राहिले. मला लाज वाटायची.

त्यांनी माझ्या अंगाला कधी हात लावला नाही. एकदा भाजीत मीठ जास्त झालं. ते जेवण ठेवून उठले, छोटीला कडेवर घेतलं आणि गच्चीवर गेले. मी मागोमाग धावले. पाचवा मजला. त्यांनी तिला कठड्यावर बसवलं होतं, पाय बाहेर सोडून, आणि मागून तिच्या फ्रॉकची कॉलर दोन बोटांत धरली होती. अगदी हळू आवाजात म्हणाले, "माफी माग." मी मागितली. "अजून एकदा. नीट." किती वेळा मागितली, ते आठवत नाही. छोटी रडत नव्हती, खालच्या गाड्या मोजत होती. सोळापर्यंत मोजल्या. नंतर तिला खाली उतरवून ते म्हणाले, "बघ, आईला समजलं."

असं तीनदा झालं. तिसऱ्या वेळेनंतर मी बॅग भरली.

आम्ही आता कुठे आहोत ते लिहीत नाही. हे पत्रही दुसऱ्याच्या हातून दुसऱ्याच गावात पेटीत पडेल, तेव्हा शिक्क्यावर जाऊ नकोस. पण मी आता गावं बदलणार नाही. त्यांनी पाऊल टाकलं की आपण टाकायचं, असं किती दिवस? मी तक्रार दिली आहे. एक वकीलबाई भेटल्यात. कोर्टाची तारीख पुढच्या महिन्यात आहे. त्या दिवशी त्यांच्या समोर, चार हातांवर, उभं राहायचंय. जेवण जात नाही. जिन्यात कुणाचं पाऊल वाजलं की छोटी माझ्याकडे बघते आणि मी हसून दाखवते.

वकीलबाईंकडून तुला बोलावणं येईल. त्या विचारतील, की बहिणीचा पत्ता कुणी, कुणाला, कितीदा दिला. गाडीत बसून काय ऐकलंस. तुझी नोकरी जाईल, दाजी तुझ्याकडे त्या शांत डोळ्यांनी बघतील, हे सगळं मला कळतं. तुला भीती वाटेल. मलाही वाटते, रोज.

तुला खोटं बोलता येत नाही. दाजींनी विचारलं आणि तू पत्ता सांगून टाकलास, तो त्यामुळेच. आता दुसरं कुणीतरी विचारणार आहे. तेव्हाही तसाच वाग.

तुझ्या उत्तरावर जिची लेक अवलंबून आहे, ती
तुझी ताई