टोकावड्याचा माळ

सुरत, १२ जानेवारी २००५

तीर्थरूप आबांना धाऊचा दंडवत,

माझ्या हाताची जखम भरत आली, काळजी नसावी. तुमचा गुडघा कसा आहे?

अनिताताईचं पत्र पोचलं. टोकावड्याच्या माळाचे दलाल दोन लाख देतोय आणि तुमी संक्रांतीनंतर अंगठा देणार. दोन लाख हा आकडा मी दोनदा वाचला. एवढे पैसे आपल्या घरात कुणी पाह्यले नाय.

पण इथं ज्या बंगल्यात मी लाद्या बसवतोय, त्याच्या शेठला काल सहज विचारलं, या एका न्हाणीघराला किती लागले? तो म्हणाला, "दोन लाख. फार नाय."

माझ्या हातातली लादी तशीच राहिली.

आबा, मी येईपर्यंत अंगठा देऊ नका. हे पत्र आजच गावाकडं निघालेल्या एका गड्याच्या हाती देतोय, मी उद्याच निघतोय. शेठ म्हणतो, गेलास तर परत येऊ नको. एवढं मात्र आईला सांगू नका.

तुमचा,
धाऊ