खोली ३१४ मध्ये कुणी नाही

मेलबर्न, ९ जुलै

प्रिय कौमुदीताई,

फोनवर तू ‘नंतर करते’ म्हणतेस आणि ते नंतर काही येत नाही. म्हणून मेलवर का होईना, पण पत्रच लिहिते आहे. इथे थंडी चांगलीच पडली आहे. ट्रुगानिना उपनगरातल्या तुमच्या घरासमोर विक्रीची पाटी लागलेली परवा पाहिली. अवधूत भावोजी दिसले नाहीत, आणि मीही गाडीतून उतरले नाही.

माझं युनिव्हर्सिटीतलं काम तेच. वीज वाचावी म्हणून कुठल्या इमारतीत किती तापमान ठेवायचं, हीटिंग कधी बंद करायचं, ते ठरवायचं. ॲलन, माझा बॉस, मला अजूनही थर्मोस्टॅट पोलीस म्हणतो. त्याला काय माहीत, ही नोकरी मला आपल्या आजोळीच लागली होती. नाना खोलीतून निघताना दाराशी थांबायचे, मागे वळून पाहायचे आणि मगच पंख्याचं बटण बंद करायचे. एकदा तू पलंगामागे वाचत बसली होतीस आणि मी मोठ्या शहाणपणाने दिवा मालवला. तू हूं की चूं केलं नाहीस, तशीच अंधारात बसून राहिलीस. नाना रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, की बटणाला हात लावण्याआधी माणूस बघायचा.

गेल्या वर्षी मे महिन्यात मी तू पीएचडी करायचीस त्या इमारतीचं तापमान बावीसवरून वीसवर आणलं आणि संध्याकाळी सहानंतर हीटिंग बंदच केलं. तिथे खोल्यांच्या छताला हालचाल टिपणारे सेन्सर आहेत. तिसऱ्या मजल्यावर सहानंतर रोज शून्य माणसं दिसत होती. बचत छान झाली, माझं कौतुक झालं, म्हणून मी तुझ्यासाठी केक घेऊन आले. तू दोन तुकडे खाल्लेस.

जूनमधल्या एका रविवारी तू माझ्याकडे जेवायला आलीस आणि जाताना माझी जाड शाल मागून नेलीस. सात वर्षांनी ताईला मेलबर्नची थंडी लागली म्हणून मी थट्टा केली. तू हसलीस. ऑगस्टमध्ये थिसिस पुढे सरकत नाही एवढंच सांगून, पीएचडीतून वर्षभराची रजा घेऊन तू नाशिकला गेलीस. तू आणि भावोजी सहा महिने एका घरात राहून एकमेकांशी बोलत नव्हतात, हे मला नंतर मावशीकडून कळलं. घरी जावंसं वाटत नाही म्हणून तू रात्री नऊपर्यंत युनीत बसायचीस, हेही.

गेल्या आठवड्यात वार्षिक अहवालासाठी जुने अर्ज चाळत होते. त्यात एक खोली ३१४ चा होता. हीटिंग नऊपर्यंत ठेवता येईल का, मी इथे रोज वाचत बसते, बोटं आखडतात, असं दोन ओळींत लिहिलेलं. तसे चाळीस अर्ज आले होते आणि सगळ्यांना मी एकच उत्तर पाठवलं होतं: नोंदीनुसार या वेळेत खोलीत कुणी नसतं, तरी कृपया उबदार कपडे वापरावेत. नावाचा रकाना मी तेव्हा उघडला नव्हता. आता उघडला.

ताई, सेन्सरला हालचाल लागते. वाचताना तू पान उलटण्यापुरतीच हलतेस, हे माझ्याइतकं कुणाला माहीत होतं? आणि ते उत्तर माझ्याच टेबलावरून आलंय, हे तुलाही माहीत असणार. तरी तू फक्त शाल मागितलीस.

माझ्यामुळे तू गेलीस असं मी म्हणत नाही. पण तुला बसायला एकच उबदार जागा उरली होती, आणि ती मी बंद केली.

तुझी रजा एकतीस जुलैला संपते. सोमवारपासून मी ३१४ चं हीटिंग रात्री नऊपर्यंत चालू ठेवलं आहे. रोज सहानंतर वर जाऊन दाराशी उभी राहते. खोली उबदार असते, खिडकीजवळ तुझी खुर्ची असते, आत कुणी नसतं. रिकामी खोली का तापवली जाते आहे, याचं कारण मला येत्या शुक्रवारी ॲलनला लेखी द्यायचं आहे. फॉर्मवर दोनच पर्याय आहेत: नजरचूक, किंवा खोली लवकरच वापरात येणार. खोटं मला लिहिता येत नाही, तुला ठाऊक आहे. कुठल्या चौकटीत खूण करू, तेवढं कळव.

तुझीच,
नुपूर