लग्नाच्या बिअरची पेज

लेडव्हिल, ६ जून

प्रिय लाईल,

तुझ्या मुलीच्या लग्नासाठी ओरिनने कबूल केलेली बिअर होणार नाही अशी चिन्हं आहेत, म्हणून हे पत्र. तुझ्या गुडघ्याची चौकशी आधी करायला हवी होती, ती इथे करते: कसा आहे? इंजेक्शन घेतलं नसशील तर घे. आमचं बरं चाललंय. अंगणातला बर्फ परवा संपला.

माझा नवरा गेली बावीस वर्षं गॅरेजमध्ये बिअर करतो हे तुला माहीत आहे (गाडी बावीस वर्षं बाहेर उभी असते, हेही). भरडलेलं माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेलं जव, गरम पाण्यात तासभर एकशे बावन्न अंश फॅरेनहाइटवर ठेवायचं, की त्यातल्या पिठाची साखर होते. दोन-चार अंश इकडेतिकडे चालतात, जास्त नाही. म्हणून तो पिंपाला जुनी रजई गुंडाळून समोर खुर्ची टाकून बसतो. आमच्या कुठल्याही मुलाच्या उशाशी इतका वेळ बसलेला मला आठवत नाही. ईस्टरनंतर त्याने तीन पिंपं केली. तिन्ही वेळा काटा एकशे बावन्नवर होता आणि तिन्ही वेळा पेज झाली. आयोडीनचा थेंब टाकला की काळानिळा, म्हणजे पीठ जसंच्या तसं (कॉलेजातलं रसायनशास्त्र चाळीस वर्षांत पहिल्यांदा उपयोगी पडलं).

ओरिनने आधी माल्टला दोष दिला, मग पाण्याला, मग दहा हजार फुटांवरच्या हवेला. काल म्हणाला, "व्हर्ना, माझा हात गेला. विकून टाक ते पिंप. पोरीच्या लग्नात दुकानातली पाजू."

मी म्हटलं, "हाताला काय धाड भरलीय? कॅन तर बरोबर उघडतोस."

तो हसला नाही. खाणीतून निवृत्त झाला त्या दिवशीही हा माणूस असा बसला नव्हता.

मग मी थर्मामीटर उकळत्या पाण्यात धरला. काटा दोनशे बारावर. तुम्हा समुद्रकाठच्या लोकांना यात वावगं दिसणार नाही. आमच्याकडे या उंचीवर पाणी एकशे चौऱ्याण्णवलाच उकळतं. म्हणजे कुणीतरी मागचा स्क्रू फिरवून काटा अठरा अंश पुढे सरकवला होता आणि माल्ट तिन्ही वेळा एकशे चौतीसवर कोमट बसून राहिलं होतं. दोषारोप करणं माझ्या स्वभावात नाही.

तुझी बहीण,
व्हर्ना

ता. क. ईस्टरला तू इथे स्क्रूड्रायव्हर घेऊन घरभर फिरत होतास. ओरिनला फोन कर आणि काटा तूच 'दुरुस्त' केलास असं सांग. आपला हात शाबूत आहे हे त्याला पटेल आणि लग्नाआधी एक पिंप होईल.

आणखी एक. तू काही केलं नाहीस हे मला ठाऊक आहे. तू गेल्यावर संत्र्याच्या मुरंब्यासाठी तो थर्मामीटर मी घेतला होता. पुस्तकात लिहिलं होतं, उकळत्या पाण्यात दोनशे बारा दाखवतो का ते आधी पाहा. दाखवेना, म्हणून मी स्क्रू फिरवून दाखवायला लावलं. एक्केचाळीस वर्षं या गावात राहून. (मुरंबा उत्तम जमला, त्यामुळे शंका आली नाही.) फोन मात्र कर.

शनिवार सकाळ. तुला फोनवर धड खोटं बोलता येत नाही हे रात्री लक्षात आलं. ओरिनच्या हाती दिलं: हे पत्र, पाकीट न चिकटवता, थर्मामीटर, काटा जागेवर आणून. तो दोनदा वाचून म्हणाला, "लाईलवरच ढकल. लग्नात चारचौघांत सांगायला बरं पडेल." परत मिळालं: पत्र, तिकीट लावून. थर्मामीटर परत मिळाला नाही.