आपाची जागा

तेरेक-बुलाक, २८ मार्च १९९९

ती. झुराकान एजेस, धाकट्या भावाचा, इमानकुलचा सादर सलाम वि. वि.

गमबूट काढता काढता लिहितोय. कागदाला चिखल लागला तर रागावू नकोस. आज रविवार असूनही पाट उपसायला गेलो. गावप्रमुख दोरोनबेकने घरटी एक माणूस बोलावला होता. आम्ही बाप्तिस्मा घेतलेल्या नऊ घरांनी आपापली प्रार्थना पहाटेच उरकली. दोरोनबेकने सगळ्यांसमोर विचारलं, तुमच्या देवाने आज सुट्टी दिली वाटतं. मी म्हटलं, त्यानेच पाठवलंय. हसला.

दुसरी बातमी बरी नाही. आपाच्या फुप्फुसात पाणी झालंय. डॉक्टर म्हणतात, तुमच्या आईचा उन्हाळा निघाला तर नशीब. आपाने स्वतःच दोरोनबेकला रस्त्यात गाठून आपल्या वडिलांच्या, आताच्या, कबरीशेजारी जागा मागितली. तो म्हणाला, कबरस्तान गावाचं आहे. धर्म सोडलेल्याला तिथे जागा नाही, असं म्हाताऱ्यांनी ठरवलंय, आणि खणायलाही कुणी येणार नाही. आपा म्हणाली, मग तुमचं मन बदलेपर्यंत मला जगावं लागेल.

मुलांना पापे. माया आहे तशी असू दे.
तुझा इमानकुल

तोकमोक, २ एप्रिल

चि. इमानकुल यास, झुराकानचे आशीर्वाद.

तुझं पत्र कणकेचे बोर्सोक तळताना वाचलं आणि एक घाणा करपला. तो माणूस आईला हातभर जमीन देत नाही आणि तू त्याचा पाट उपसतोस? गेल्या वर्षी त्याने घरात प्रार्थनेला जमायला मनाई केली. तू मान डोलावलीस आणि परवान्याचा अर्ज घेऊन राजधानीला फेऱ्या घातल्यास. तुझ्या देवाने तुला कणा दिला की नाही?

आपाला इकडे आण. इथे तुमच्या लोकांची वेगळी दफनभूमी आहे. मी दोन वर्षं आले नाही ते का, तुला माहीत आहे. तिने बाप्तिस्मा घेताना मला विचारलं नाही. त्यावर प्रवचन नको.

पायमोजे पाठवतेय. आपाचे निळे, तुझे भोक पडलेले नाहीत ते.
झुराकान

तेरेक-बुलाक, ६ एप्रिल

ती. एजेस सलाम.

पायमोजे पोचले. आपाच्या सुजलेल्या पायांत जेमतेम जातात, पण ती काढत नाही.

मी घाबरत नाही, एजे. दोरोनबेक प्रमुख आहे. पाटाला बोलावलं तर मी जाणार, त्या पाण्यावर सगळ्या गावाचा गहू आहे. परवान्याचा कागद येईपर्यंत घरात जमू नका म्हणाला, आम्ही जमत नाही. प्रार्थनाच करू नका म्हणाला असता तर ऐकलं नसतं. आपाची जागाही मी त्याच्याकडेच मागतो, सरळ दारातून जाऊन. काल पुन्हा गेलो. आधी उभं ठेवलं, मग चहा दिला, मग नाही म्हणाला.

आपा शहरात यायला तयार नाही. वेळ थोडा आहे, एजे. काय प्रेम करायचं ते आता कर. ती गेल्यावर चाळिसाव्या दिवशी मेंढरं कापशील, ती तिला दिसायची नाहीत. हे प्रवचन नव्हे.

तुझा इमानकुल

तेरेक-बुलाक, ९ एप्रिल

एजे, चिठ्ठी मिळताच ये. का ते विचारू नकोस. ड्रायव्हर थांबलाय.
इमानकुल

तेरेक-बुलाक, १२ एप्रिल

ती. एजेस सलाम वि. वि.

काल संध्याकाळी तू गाडीत बसेपर्यंत माझ्याशी बोलली नाहीस, ते बरोबरच. आपल्यात मरणाची बातमी सरळ कुणी कळवत नाही, नुसतं ये म्हणतात. मला ते सुचलंच नाही. आपाला तुला बघायचं होतं, एवढंच. कारण लिहिलं असतं तर तू वाद घातला असतास.

तू आपाच्या गळ्यात पडलीस तेव्हा तुझी अंगणाकडे पाठ होती, म्हणून सांगतो. आम्ही पाटावर होतो. फाट्यापासून तुझा हंबरडा ऐकू आला. मलाही वाटलं, आपा गेली. कुणी कुणाला बोलावलं नाही. दोरोनबेक सगळ्यांत आधी वर चढला आणि धावत सुटला. त्याच्यामागे बाकीचे. ज्या म्हाताऱ्यांनी ठरवलं होतं त्यांतले दोघे घोड्यावरून आले.

आपा उंबऱ्यात उभी, तू तिला धरलेली. तुझ्या खांद्यावरून तिने अंगण मोजलं. तेवीस फावडी. दोरोनबेकला म्हणाली, नऊ माझ्या पोराची माणसं सोड, चौदा उरतात, आणि तू तर म्हणाला होतास कुणी येणार नाही. तो म्हणाला, पाटावरून आलो म्हणून हातात होती. आपा म्हणाली, तिथे ठेवून येता आली असती. तो टोपी काढून कपाळ पुसत राहिला. मग सगळे पाटावर परत गेले, आम्हीही.

तू पुढच्या रविवारी येते म्हणालीस, असं आपा सांगते. खरं असेल तर बोर्सोक आण, न करपलेले.

आज सकाळी दोरोनबेक दोघांना घेऊन कबरस्तानात गेला आणि आताच्या कबरीच्या उजव्या हाताला चार खुंट्या ठोकून आला. कागद दिला नाही. आपाला गाढवाच्या गाडीतून नेऊन दाखवलं. ती म्हणाली, जरा अरुंद आहे.

इमानकुल