पाटीवरचा कागद

दि. ९ सप्टेंबर

प्रिय दादा,

नमस्कार. पाकिटावरचं माझं अक्षर बघून दचकला असशील, तर आधीच सांगते: कोणी गेलेलं नाही. तू फोन उचलत नाहीस, म्हणून ही जुनी वाट धरली. मी बरी आहे. बाबा ठीक आहेत. तुझी भाची एकदा बोलायला लागली की थांबत नाही. कोणावर गेली ते विचारू नकोस.

संग्रहालयातलं माझं काम मजेत चाललंय. शाळेतल्या मुलांना चित्रं दाखवायची, हेच ते काम. शनिवारी सकाळी आमच्याकडे ‘झाकपाटीचा तास’ असतो. मुलं यायच्या आधी पहारेकरी प्रत्येक चित्राशेजारच्या पाटीवर खाकी कागद लावून ठेवतो आणि तास संपला की काढतो. चित्राचं नाव नाही, साल नाही, चित्रकार नाही. कारण पाटी दिसली की मुलं ती वहीत उतरवतात आणि पुढच्या पाटीकडे धावतात. त्यांचे शिक्षक तर त्यांच्याही पुढे. चित्राकडे ढुंकून बघत नाही कोणी. कागद लावला की बिचाऱ्यांना बघावंच लागतं. संचालकांना हे अजून पटलेलं नाही. “यातून मुलं शिकतात काय?” असं त्यांनी विचारलं की मी म्हणते, “बघायला.” मग ते मान हलवतात. ती हो म्हणून की नाही म्हणून, देव जाणे.

आता खरी गंमत ऐक. हल्ली या तासाला बाबाही येतात. त्यांना घरी एकटं ठेवायला नको वाटतं, म्हणून मीच घेऊन येते. जन्मभर चित्रकला शिकवलेला माणूस गप्प बसणार थोडाच! पहिल्याच दिवशी त्यांनी मुलांना रांगेत उभं केलं. हात ताठ, पेन्सिल उभी, एक डोळा बंद. “चित्र नंतर आवडून घ्या. आधी मोजा!” आपल्या दोघांची सुट्टीतली प्रत्येक दुपार या वाक्यानं खाल्ली होती, आठवतंय ना? मला वाटलं, मुलं पुन्हा फिरकायची नाहीत. पण मुलांना वाटलं, नेम धरायचा खेळ आहे. आता ती आल्या आल्या “आजोबा कुठायत?” म्हणून विचारतात, आणि माझ्याकडे कोणी लक्षही देत नाही.

एक गोष्ट मी तुला कळवली नव्हती. तुझं चित्र आमच्याकडे आलंय. आईचं. ज्यांना तू ते विकलं होतंस, त्यांनी संग्रहालयाला देऊन टाकलं. मोठ्या दालनात, खिडकीसमोरच्या भिंतीवर आहे. मी रोज जाता-येता आईला बघते आणि कामाला लागते.

बाबांना मात्र त्या दालनात कधी नेलं नाही. कसं नेणार? आई गेल्यावर वर्षाच्या आत तू ते काढलंस, प्रदर्शनात लावलंस आणि विकलंस. “आईला बाजारात मांडलंस,” एवढंच बाबा म्हणाले. चित्र बघायलासुद्धा आले नाहीत. तू पिशवी उचललीस ती उचललीसच. तुम्हा दोघांची तोंडं दोन दिशांना, आणि मी मध्ये. अजून मध्येच आहे.

गेल्या शनिवारी आमच्या नेहमीच्या दालनात रंगकाम निघालं आणि मुलांना मोठ्या दालनात न्यावं लागलं. मग मीच माझी समजूत घातली. पाटीवर कागद आहे, चित्र बाबांनी कधी पाहिलेलं नाही, आणि आता त्यांना दिसतंय तरी किती!

लिहून गेले. आता खोडत नाही.

दादा, बाबांची नजर चाललीय. डॉक्टर म्हणाले, मधलं आधी जाईल, कडेचं राहील. समोरचं बघायचं तर त्यांना मान वळवून तिरकं बघावं लागतं. नवख्या माणसाला वाटतं, म्हातारा रागावलाय. तुला कळवायचं नाही, अशी मला शपथ घातली होती. वर ‘ठीक आहेत’ लिहिलं ते त्या शपथेपायी.

तर आईच्या चित्रासमोर मुलांनी पेन्सिली धरल्या. आई शिवणयंत्रावर पाठमोरी बसलेली, डावा हात कापडावर, उजवा मागे पसरलेला. दोन वेण्या घातलेली एक मुलगी ओरडली, “आजोबा, हात चुकलाय! केवढा लांब काढलाय!”

बाबा पुढे आले. तिची पेन्सिल घेतली, हात ताठ केला, मान वळवली. पेन्सिलीवर अंगठा सरकवत तो हात मोजला. मी मनात म्हटलं, आता निघणार प्रमाणाचा उद्धार. त्यांनी हळूच पेन्सिल खाली घेतली.

“चुकलेला नाही,” ते म्हणाले. “लांबच हवा. हिला यंत्रावरून न उठता भांडणारी दोन पोरं धरायची असायची. उतू जाणारं दूध सांभाळायचं असायचं. आणि त्यातच नवऱ्याला चष्मा द्यायचा असायचा. एवढा हात नसता तर घर चाललं नसतं.”

“ही कोणाची आई आहे?” त्या मुलीनं विचारलं.

“तुला कोणाची वाटते?”

“माझ्या आजीसारखी दिसते.”

“मग तुझी आजी,” बाबा म्हणाले, आणि खिशात रुमाल शोधायला लागले. त्यांना तो सापडेना. मी माझा दिला. दादा, मी तिथं सगळ्यांसमोर रडले. मुलांना वाटलं, बाईंना ओरडा बसला.

परतताना रिक्षात मी विचारलं, “बाबा, तुम्ही ओळखलंत?”

“अगं, त्याच्या लहानपणभर मी त्याची रेघ खोडत आलो. मला पाटी लागते होय?”

इतकी वर्षं संग्रहालयात काढून मला हे सुचू नये! कागद लावला की चित्र लपतं, असं मी धरून चालले होते.

थोड्या वेळानं ते म्हणाले, “घरात टांगलं असतं तर मी एकटाच बघत बसलो असतो. बरं झालं, विकलं त्यानं.” आणि दारात उतरताना म्हणाले, “तो कागद काढू नकोस. ज्याचं नाव आहे त्यानं येऊन काढावा. लवकर ये म्हणावं.” ‘लवकर’ का, ते तुला सांगावंच लागणार; म्हणजे शपथ त्यांनीच मोडली, तेव्हा माझ्याकडे दोष नाही.

तो कागद अजून तसाच आहे. एकाच पाटीवर का, म्हणून संचालक विचारतात. मी सांगते, मजकुरात दुरुस्ती आहे. हे फार दिवस खपणार नाही.

ये, दादा. रागावून ये, भांडायला ये, पण ये. आणि आलास की बाबांच्या अगदी समोर उभा राहू नकोस. जरा बाजूला उभा राहा. तिथून तू त्यांना दिसशील.

तुमच्या दोघांच्या मधली,
ठकी