कुणाचं अडतंय?

३ जून
आज कामाला लागलो. होटगी रोडला वरच्या मजल्यावर कंप्युटरवाल्यांचं आफिस हाय. च्या करायचा, दार उघडायचं, बास. सूतगिरणी सुटल्यापास्नं घरात बसून कटाळलो व्हतो. पोरं चांगली हायत. त्यातल्या बसू नावाच्या पोरानं पयल्याच दिवशी तिप्पण्णामामा म्हणून हाक मारली. सकाळी मोहोळला गोजाक्काला फोन केला, शुगरची गोळी घे म्हणून. रोज सांगावं लागतं, न्हायतर इसरते. ती इचारते, भाकरी खाल्ली का. भावंडांत आता दोघंच उरलोय.

५ जून
ह्यांचं काम इचित्र. प्रोग्रामचा एक तुकडा दुसऱ्यावर टेकलेला, दुसरा तिसऱ्यावर. कुठला लागतो, कुठला न्हाय, कुणालाच ठाव न्हाय. म्हणून पोरांतल्या गुरुशांतनं गमतीचा प्रोग्राम केलाय. हरेक तुकड्याला इचारतो, तुझ्यावाचून कुणाचं अडतंय? कुणाचंच न्हाय म्हटलं की पडद्यावर त्याच्या नावाला हार, खाली भावपूर्ण श्रद्धांजली, आन तुकडा पुसला! चौकातल्या बोर्डावानी. मीबी हसलो.

१० जून
आज पोरांनी माणसंच घातली त्यात. झाडणारी फुलाबाई उभी व्हती. पुसायचं मशीन आलंय, मग तिच्यावाचून कुणाचं अडायचं? हार आला. ती म्हणाली, ‘जित्तेपणी हार! नशीबच की माझं!’

११ जून
फुलाबाई आली न्हाय. गुरुशांतला इचारलं तर म्हणतो, कोण फुलाबाई? असली चेष्टा मला आवडत न्हाय. तिचा डबा मोरीवर तसाच, धुतलेला.

१२ जून
तिच्या घरी गेलो. नवरा म्हणतो, माझं लगीनच झालं न्हाय. दोरीवर तिचं लुगडं वाळत व्हतं.

१३ जून
च्याचं मशीन आलं. बटन दाबलं की कप भरतो. बसू हसत म्हणाला, मामा, आता तुमच्यावाचून कुणाचं अडतंय? सवयीनं तोंडातनं गेलं, माझ्यावाचून कुणाचं काय अडायचंय! गुरुशांतनं तेच लिव्हलं. हार यायला लागला. मी वरडलो, गोजाक्काचं अडतंय, लिव्ह, मोहोळची गोजाबाई! लिव्हलं. हार गेला.

१४ जून
सकाळी पडद्यावर प्रश्न. गोजाबाईवाचून कुणाचं अडतंय? मी म्हटलं, माझं.
पडद्यावर खाली आलं, दोघं एकमेकांला टेकलेले. भायेरचं कुणी न्हाय.
गुरुशांत म्हणतो, हे मी लिव्हलेलंच न्हाय. वायर उपसली. पडदा चालूच.
दोन हार.

१५ जून
गोजाक्काचा फोन लागत न्हाय. म्या कशाला तिचं नाव सांगितलं—
यष्टीत बसलोय. कंडक्टरनं तिकीटच इचारलं न्हाय. म्या दोनदा हाक मारली, त्यानं वळूनबी बघितलं न्हाय—

मोहोळ. दार उघडं. तव्यावर भाकरी, गरम. ताटं दोन. ती न्हाय. आजची गोळी पाकिटात तशीच—
शेजारीण आत आली, माझ्याकडं बघितलंबी न्हाय. तवा उतरवला. म्हणते, ह्या मोकळ्या घरात चूल कुणी पेटवली—

भायेरचं कुणीतरी पायजे. एकच बास.
ही वही वाचणाऱ्या, कोणबी अस, एकदा म्हण की रं, तिप्पण्णावाचून माझं अड—